एमबीए की सीसीएनए? पावणेतीन लाख हातात आहेत आणि घरात रोज वाद

लूम_आणि_लॅन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय.

वय 24. बी.एस्सी. संगणकशास्त्र, आपल्याच सोलापूर विद्यापीठातून, 61 टक्के. अडीच वर्षं एका लोकल इंटरनेटवाल्याकडे फील्डवर आहे. खांबावर चढायचं, फायबर जोडायची, घरोघरी राउटर बसवायचे आणि रात्री साडेअकराला "नेट स्लो आहे" असा फोन आला की गाडीला किक मारायची. पगार साडेतेरा हजार. पेट्रोल वेगळं, मिळालं तर.

घर पूर्व भागात. खाली माग, वर आम्ही. आठ माग होते. दिवाळीनंतर बाबांनी चार विकले आणि एक जुनी उधारी वसूल झाली, असे मिळून पावणेतीन लाख बाजूला आहेत. बाबा म्हणतात हे तुझ्या शिक्षणाचे, एमबीए कर. माझं म्हणणं, सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) करतो, मग क्लाउडचं एखादं सर्टिफिकेट, आणि पुणं गाठतो.

बाबांचा मुद्दा सरळ आहे. आजोबा जुन्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. हात असा की मागाचा आवाज ऐकून बिघाड सांगायचे. 1963 ला गिरणी बंद पडली आणि तो हात कुणी विचारला नाही. बाबा म्हणतात, "कारागिरी मशीनबरोबर जाते. साहेबाचा कागद जात नाही." ह्याला काय उत्तर द्यायचं मला सुचत नाही. तुम्ही सांगा.

कडक_भाकरी

एमबीए कर बे. बायोडाटावर "एमबीए" लिहिलं की स्थळं येतात. "सीसीएनए" लिहिलं तर मुलीचा बाप विचारतो, हा कुठला आजार?

नेटवर्क_काका

वरच्या भाकरीकडे लक्ष देऊ नकोस. मी मूळचा बाळीवेसेतला. पुण्यात बावीस वर्षं नेटवर्किंगमध्ये काढली, त्यातली शेवटची आठ माणसं घेण्याच्या बाजूला बसून. त्यामुळे मला दिसतं तेवढंच सांगतो.

नेटवर्किंगचं सीसीएनए आता एकाच परीक्षेचं आहे, 200-301. 2020 च्या फेब्रुवारीत सिस्कोने आधीचे बरेच फाटे मिटवून ती आणली. वेळ 120 मिनिटं. एकदा पुढच्या प्रश्नावर गेलास की मागे येता येत नाही आणि पास व्हायला किती गुण लागतात ते सिस्को जाहीर करत नाही. फी 300 डॉलर. त्यावर 18 टक्के जीएसटी धर, म्हणजे 354 डॉलर. आजच्या भावाने तीस-बत्तीस हजार. नापास झालास तर तेवढेच पुन्हा. म्हणून आधी सराव, मग फी. सरावाला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पुस्तक सेकंडहँड मिळतं. क्लास लावलाच पाहिजे असं काही नाही.

आता मुद्द्याचं. सर्टिफिकेटने नोकरी मिळत नाही, फोन येतो. नोकरी त्यापुढच्या वीस मिनिटांत मिळते किंवा जाते. मागच्या वर्षी एक पोरगा आला होता, सर्टिफिकेट होतं. मी विचारलं, ग्राहकाच्या लॅपटॉपवर 169.254 ने सुरू होणारा आयपी पत्ता दिसतोय, तू आधी काय बघशील? पोरगा गप्प. फुटलेले प्रश्न पाठ करून पास झाला होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. तुला विचारतो, धागाकर्त्या. तू काय बघशील?

लूम_आणि_लॅन

काका, 169.254 म्हणजे डीएचसीपीकडून (मशीनला आपोआप पत्ता देणारी सोय) पत्ता मिळालाच नाही, मशीनने स्वतःच घेतला. आधी केबल नि राउटरचा पोर्ट बघेन. मग राउटरवर डीएचसीपी चालू आहे का, आणि कुणी घरात दुसरा राउटर उलटा लावून ठेवलाय का. आमच्याकडे दहातले चार कॉल असलेच असतात. उलटा राउटर तर लई.

नेटवर्क_काका

बस. "उलटा राउटर" हे पुस्तकात नसतं. अडीच वर्षं तू खांबावर चढलास ना, ती तुझी खरी फी होती, भरून झाली. आता फक्त त्यावर शिक्का मारून घ्यायचाय. /27 आकाराच्या नेटवर्कमध्ये किती होस्ट, म्हणजे मशीन, बसतात हे झोपेत सांगता यायला लागलं की परीक्षेची तारीख घे.

(30. कुणीतरी विचारणारच.)

शेंगाचटणी

मी दुसऱ्या बाजूने बोलते. मी सोलापुरातच एमबीए केलं, एचआर. आता पुण्यात एका खाजगी बँकेत आहे.

खरं सांगते, शेवटच्या वर्षी कॅम्पसला आलेल्या कंपन्यांत विमा, मायक्रोफायनान्स आणि गृहकर्ज विकणारे जास्त होते. पहिली नोकरी टार्गेटची. सात रस्त्यावर उन्हात उभं राहून क्रेडिट कार्डाचे फॉर्म भरून घेतले मी. आईला सांगितलं नव्हतं. तेव्हा वाटलं, दोन वर्षं नि एवढे पैसे ह्याच्यासाठी?

पण दोन गोष्टी एमबीएनेच दिल्या. एक, बोलायला शिकले. मी मोडनिंबजवळच्या गावची, कॉलेजात पहिल्या प्रेझेंटेशनला हात थरथरत होते, चौथ्या सेमिस्टरला नाही. दुसरी, ताळेबंद वाचता येतो. चार वर्षांनी शाखेत आतली जागा निघाली तेव्हा पदव्युत्तर ही अट होती. माझ्याबरोबरची दोन मुलं माझ्यापेक्षा हुशार, पण ती अर्जच करू शकली नाहीत.

पैशाचं म्हणशील तर, आधी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजची मंजूर फी बघ, मग ऑफिसात जा. महाडीबीटी ह्या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर तुझ्या प्रवर्गाची योजना बघ. खुल्या गटालाही उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू योजनेत शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. प्रवेश मात्र कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय फेरीतून, हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलास की हे सगळं विसर.

टॉवेलवाला

चिंचोलीला आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. बहुतेक माल बाहेर जातो. पाच वर्षांत तीन एमबीए ठेवले, एकही टिकला नाही. पोरं वाईट नव्हती. पण बायर विचारतो, 450 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) माल 430 का भरला? ह्याचं उत्तर मागाजवळ असतं, केबिनमध्ये नाही. एकाला पाइलचा बीम कुठला नि ग्राउंडचा कुठला हे सहा महिन्यांत कळलं नाही, आणि तो मला "सप्लाय चेन" समजावून सांगायचा.

धागाकर्त्या, तू मागावर वाढलास. तुला धाग्याचा काउंट कळतो, वर इंग्रजी ईमेल लिहिता येत असेल. असा माणूस आम्हाला पाहिजे. एमबीएशिवाय.

लूम_आणि_लॅन

दादा, राग मानू नका. मागावर वाढलो म्हणूनच मागापासून लांब जायचंय. दहावीचा अभ्यास कानात कापूस घालून केलाय मी.

टॉवेलवाला

राग कसला. माझा पोरगापण हेच म्हणतो. बरं, ते राहू दे. आमच्या कारखान्यात ईआरपीचा (सगळा हिशोब-साठा ठेवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर दिवसातून दोनदा लटकतो, बायोमेट्रिकवर हजेरी येत नाही, कॅमेरे अर्धे काळे. पुण्याहून माणूस बोलवायचा तर तो जाण्यायेण्याचे आधी मागतो. हे काम करतोस का? माग बघायला लागणार नाहीत.

मास्तर_निवृत्त

मी व्यवस्थापन शिकवत होतो, त्यामुळे माझा पक्ष उघड आहे.

इथे "एमबीए" असा एकच शब्द वापरून सगळे वाद घालत आहेत. कॅटमधून आयआयएमला जाणं, राज्याची एमएएच-एमबीए सीईटी देऊन जिल्ह्यातल्या कॉलेजात जाणं आणि नोकरी सांभाळून इग्नूचं एमबीए करणं ह्या तीन वेगळ्या वस्तू आहेत, नाव एक असलं तरी. सीईटी 200 प्रश्नांची, अडीच तासांची, चुकीला गुण कापत नाहीत. सहा महिने नेटाने केलंस तर सोलापूर सोडून पुण्या-मुंबईचं चांगलं कॉलेज मिळू शकतं, आणि कॅम्पसला कोण येतं हे कॉलेजवर ठरतं. शेंगाचटणी ताईंचा अनुभव त्यांच्या कॉलेजचा आहे, पदवीचा नाही.

इग्नूच्या एमबीएला आता प्रवेश परीक्षा नाही, 2 ते 4 वर्षांत पूर्ण करता येतं. मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या मानाव्यात असं यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, एवढं मात्र तपासावं. "सहा महिन्यांत एमबीए" म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नये.

आणि धागाकर्त्याच्या वडिलांचा प्रश्न कुणी घेतलाच नाही. सीसीएनए तीन वर्षांनी संपतं. एडब्ल्यूएस म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या सर्टिफिकेटाचंही तसंच. मायक्रोसॉफ्टच्या बऱ्याचशा सर्टिफिकेटांचं तर दरवर्षी नूतनीकरण, फुकट असलं तरी. पदवी संपत नाही. त्या गृहस्थांनी गिरणी बंद पडताना पाहिली आहे. ते चुकीचं काय बोलले?

नेटवर्क_काका

मास्तर, पदवी संपत नाही, पण पदवीत शिकलेलं संपतं की. माझ्याकडे 1998 चा डिप्लोमा आहे, त्यात फ्लॉपीवर आख्खा धडा होता. डिप्लोमा अजून चालू आहे, फ्लॉपी कुठे आहे?

तीन वर्षांची मुदत मला उलट बरी वाटते. मुदत जवळ आली की मी चार महिने पुस्तक उघडतो. नसती तर उघडलं नसतं.

मास्तर_निवृत्त

पुस्तक उघडण्यासाठी दर तीन वर्षांनी डॉलर मोजावे लागणं ही कंपनीची सोय आहे, विद्येची नव्हे. एखाद्या कंपनीच्या उपकरणांवर बेतलेली परीक्षा ही शेवटी त्या कंपनीची जाहिरातही असते.

नेटवर्क_काका

हे मान्य. पण सीसीएनएतलं सबनेटिंग, व्हीलॅन, ओएसपीएफ हे सिस्कोच्या बापाचं नाही, कुठल्याही कंपनीच्या स्विचवर तेच चालतं. कमांड बदलतात.

गिरणीचं म्हणाल तर, धागाकर्त्याच्या आजोबांकडे कारागिरी होती, पण ती सोलापूरच्या बाहेर ओळखू येईल असा कागद नव्हता. मुंबईच्या गिरणीत जाऊन "मी आवाज ऐकून बिघाड सांगतो" म्हटलं तर कोण ऐकणार? सर्टिफिकेट तेवढंच काम करतं. अनोळखी गावात तुमची ओळख सांगतं.

कडक_भाकरी

काका आज फॉर्मात हायेत. चहा पाठवू का हिकडनं?

हुतात्मा_पासधारक

मी आधी एक सावध करतो. मी 2022 मध्ये शहरातल्या एका क्लासला 85 हजार भरले. "100 टक्के नोकरीची हमी", नेटवर्किंग, क्लाउड, सायबर सिक्युरिटी, सगळं एकाच पॅकेजमध्ये. पाचव्या महिन्यात शिकवणारा सोडून गेला, उरलेलं व्हिडिओवर. नोकरी म्हणून जे आलं ते हैदराबादच्या कॉल सेंटरचं पत्र, आणि पगार तुझ्या आताच्या पगारापेक्षा दीड हजार जास्त. परीक्षेची फी त्या 85 मध्ये नव्हतीच, तेव्हा विचारायचं सुचलं नाही. म्हणून भरण्याआधी एकच विचार, परीक्षेचं व्हाउचर ह्यात आहे का, आणि ते माझ्या नावावर येणार का.

नंतर मी स्वतःच अभ्यास करून आरएचसीएसए, म्हणजे रेड हॅटची लिनक्सची परीक्षा, दिली. ती पूर्ण प्रात्यक्षिक, पर्याय निवडायचा प्रश्नच नाही. समोर चालू मशीन, कामं करायची, आणि मशीन रीबूट केल्यावर केलेलं टिकलं पाहिजे. नाही टिकलं तर शून्य. पाठांतरवाल्यांची तिथे दांडी गुल होते. म्हणून तिला मान आहे.

आता पुण्यात आहे, रविवारी रात्री जातो, शुक्रवारी येतो. नाइट शिफ्ट होती पहिली दोन वर्षं. पगार सांगताना लोक नाइट शिफ्ट सांगत नाहीत. हडपसरला चौघांत खोली, मेसचा डबा, हे वजा कर आणि मग साडेतेरा हजारांशी तुलना कर. घरी राहून मिळणारे साडेतेरा म्हणजे पुण्यातले बावीस-तेवीस समज.

लूम_आणि_लॅन

दादा, परीक्षा घरून ऑनलाइन देता येते म्हणे. दिलीय का कुणी?

हुतात्मा_पासधारक

देता येते. कॅमेऱ्यासमोर. पण खोली बंद, टेबल मोकळं, कुणी आत यायचं नाही, आवाज नको, तोंडातल्या तोंडात प्रश्न वाचला तरी टोकतात. तुझ्या खाली चार माग चालू आहेत ना?

लूम_आणि_लॅन

चार माग, शेजारी काकांचे बारा, आणि दुपारी लाइट जाते. 😀 म्हणजे पुण्याचं सेंटर.

शेंगाचटणी

मला एक सांगायचंय, काकांना नि मास्तरांना दोघांनाही. तुम्ही "कुठलं चांगलं" ह्यावर भांडताय. माझ्या बॅचमध्ये 60 जण होतो. ज्यांनी आधी दोन-तीन वर्षं कुठेतरी काम केलं होतं त्यांना वर्गात बोललेलं कळत होतं. एकजण मेडिकल दुकानात होता, त्याला इन्व्हेंटरी शिकवायची गरजच पडली नाही, सरच त्याला विचारायचे. मी बी.कॉम. करून सरळ आले, मला सगळं हवेत वाटायचं. तेच एमबीए मी आज केलं असतं तर दुप्पट मिळालं असतं.

भाऊ, तू फील्डवर आहेस पण अजून कुणाला हाताखाली घेतलेलं नाहीस. टीम सांभाळायला लागलास की एमबीएची भूक आपोआप लागेल. तेव्हा इग्नू आहेच.

मास्तर_निवृत्त

ताईंशी सहमत. हे मी वर्गात तीस वर्षं बघितलं आहे, इथे लिहायला हवं होतं.

भर एवढीच, की पुढे प्रकल्प सांभाळायला लागल्यावर पीएमपी नावाचं एक मधलं स्थानकही आहे. चार वर्षांची पदवी असेल तर 36 महिने, नसेल तर 60 महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, शिवाय 35 तासांचं प्रशिक्षण. धागाकर्त्याची पदवी तीन वर्षांची, म्हणजे अर्ज भरण्याआधी ते नीट तपासावं. आज त्याचा उपयोग नाही. नाव माहीत असू द्यावं.

टॉवेलवाला

सगळे सल्ले देऊन झाले असतील तर माझ्या काळ्या कॅमेऱ्यांचं कोण बघणार?

लूम_आणि_लॅन

येतो दादा, रविवारी. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

आणि सगळ्यांना एक प्रश्न. पावणेतीन लाखांचं काय सांगू बाबांना? "शिक्षणाला लागत नाहीत" म्हटलं तर त्यांना वाटतं मी त्यांच्या चार मागांचा अपमान केला.

नेटवर्क_काका

हिशोब कागदावर मांडून दाखव. सीसीएनए बत्तीस हजार. एकदा नापास होण्याची तरतूद म्हणून तेवढेच बाजूला. एडब्ल्यूएसची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट 150 डॉलरची, जीएसटी धरून पंधरा-सोळा हजार. ती पास झालास की पुढच्या परीक्षेला निम्मी सवलत मिळते. एक बरा सेकंडहँड लॅपटॉप, रॅम 16 जीबी, त्यात तडजोड नको. पुण्यात तीन महिने नोकरीशिवाय राहायची सोय. सगळं मिळून दोन लाखांच्या आत बसतं. उरलेले बाबांच्याच नावावर ठेव आणि त्यावर "एमबीए" असं लिही. पैसे तेच, बाबांचा शब्दही राहतो.

आणि बाबांशी बोलताना इंग्रजी शब्द कमी वापर.

---

लूम_आणि_लॅन (पाच महिन्यांनी)

धागा वर काढतोय, कारण तिघाचौघांनी व्यनित विचारलं.

सीसीएनए पास झालो. पुण्याला जायला सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली, डब्यात सबनेटिंग करत बसलो तर शेजारच्या आजोबांना वाटलं मी आकडा लावतोय. परीक्षेत वायरलेसचे प्रश्न अवघड गेले, ऑटोमेशनचेही. बाकी काका म्हणाले तसंच, अर्धी परीक्षा खांबावर आधीच देऊन झाली होती. मागे जाता येत नाही ह्याची मात्र धास्ती वाटते, एक प्रश्न चुकला हे दोन प्रश्न पुढे गेल्यावर कळलं आणि हात चोळत बसलो.

टॉवेलवाले दादांचं काम तीन रविवारांत झालं. सर्व्हर लटकत नव्हता, एक जुना स्विच लूप करत होता. कुणीतरी एकच केबल दोन्ही टोकांनी त्याच स्विचमध्ये खुपसली होती. अठरा हजार दिले, शिवाय दोन डझन टॉवेल. त्यांच्या ओळखीतून अक्कलकोट रोडच्या आणखी दोन कारखान्यांनी बोलावलं. मालकाला मी सर्टिफिकेट दाखवलं तर त्याने बघितलंही नाही. म्हणाला, "चिंचोलीत चाललं ना? बस."

पुण्यात मात्र तेच सर्टिफिकेट आधी मागितलं. चार ठिकाणी अर्ज केले, दोन फोन, एक नोकरी. एनओसी म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणारं केंद्र, पगार 26 हजार, नाइट शिफ्ट. मुलाखतीत त्यांनी 169.254 चा पत्ता वगैरे विचारला नाही काका, फायबरचं विचारलं. पॉवर मीटरवर -27 दिसलं, म्हणजे सिग्नल फार कमी, तर काय करशील? मी म्हणालो, आधी कनेक्टर पुसेन. तो हसला.

बाबांना कागद दाखवला. उलटसुलट बघितला. वर तारीख दिसली त्यांना, तीन वर्षांनंतरची. म्हणाले, "म्हणजे हे संपतं?" मी म्हटलं, हो, पुन्हा परीक्षा द्यायची. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग हे लायसन आहे म्हण की. डिग्री कशाला म्हणतोस." तेव्हापासून गल्लीत सांगतात, पोराला नेटवर्कचं लायसन मिळालं.

इग्नूचं वर्षभराने बघेन. एफडीवर खरंच "एमबीए" लिहिलंय, पेन्सिलीने, पावतीच्या मागे.

शेंगाचटणी

पेन्सिलीने का रे?

लूम_आणि_लॅन

बाबांनी लिहिलंय, ताई. पेन मागाजवळ राहिला होता.

टॉवेलवाला

तू पुण्याला गेल्यावर परत स्विच लूप झाला तर?

लूम_आणि_लॅन

तुमच्या पोराला दाखवून ठेवलंय दादा. केबलला लाल चिकटपट्टी लावलीय, तेवढी काढू नका म्हणावं.

कडक_भाकरी

ते सगळं राहू दे. पार्टी कधी?

लूम_आणि_लॅन

रविवारी, पार्क चौकात. सोमवारी हुतात्मा आहे.